सफरचंद: सालीसकट, चावून, आणि शिजवायचंच तर कसं

प्रश्न असा आहे: घरात पेटीभर सफरचंदं येऊन पडली आहेत. वडिलांना मधुमेह आहे, त्यांनी ती खावीत का आणि किती? दीड वर्षाच्या मुलाला कशी द्यावीत? साल ठेवावी की काढावी? शिजवल्यावर सगळं सत्त्व निघून जातं म्हणतात, ते खरं का? आणि केकमध्ये घातलेल्या फोडींचा दर वेळी लगदा का होतो?

मी आहारतज्ज्ञ आहे आणि फळं शिजवायला मला मनापासून आवडतं, तेव्हा दोन्ही बाजूंनी उत्तर देते. घाईत असाल तर एवढं पुरे: वडिलांनी रोज एक मध्यम सफरचंद सालीसकट चावून खायला हरकत नाही, रस मात्र नको. मुलाला मऊ शिजवून किंवा किसून द्या, कच्ची फोड हातात देऊ नका. साल ठेवा. शिजवल्याने थोडं जातं, बरंच राहतं. केकमधला लगदा बहुधा सफरचंदाच्या जातीमुळे होतो.

आता सविस्तर. आधी पोषणमूल्यांचा तक्ता पाहू, कारण तिथेच बऱ्याच जणांची निराशा होते. १८० ग्रॅमच्या आसपासच्या मध्यम सफरचंदात साधारण ९५ कॅलरी, २५ ग्रॅम कर्बोदकं आणि सालीसकट खाल्लं तर ४ ग्रॅमहून थोडे जास्त तंतू मिळतात. कर्बोदकांपैकी १९ ग्रॅम साखर, आणि तिच्यात निम्म्याहून अधिक फ्रुक्टोज. वजनाच्या ८५ टक्के तर पाणीच. क जीवनसत्त्व ८ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जेमतेम दहावा हिस्सा. प्रथिनं आणि स्निग्धांश नावापुरते.

लोहाबद्दल वेगळं सांगायला हवं. कापलेली फोड तपकिरी पडते, म्हणजे सफरचंदात भरपूर लोह आहे, हा समज इतका पक्का बसला आहे की रक्त कमी असलेल्या माणसाला आधी सफरचंदच दिलं जातं. १०० ग्रॅम सफरचंदात लोह असतं सुमारे ०.१ मिलिग्रॅम. फोड तपकिरी पडते ती गरातल्या पॉलिफेनॉल नावाच्या द्रव्यांमुळे. सुरी फिरली की पेशी फुटतात, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत असलेलं एन्झाइम आणि पॉलिफेनॉल एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळाला की रंग चढतो. गंजाचा इथे काही संबंध नाही. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचं कारण शोधा आणि उपचार घ्या. सफरचंद आवड म्हणून खा.

म्हणजे जीवनसत्त्वांच्या आणि खनिजांच्या हिशेबात सफरचंद हे मध्यम गुणांनी पास होणारं फळ आहे. ‘रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला लांब ठेवा’ ही इंग्रजी म्हण सगळ्यांना ठाऊक असते. तिचं सगळ्यात जुनं छापील रूप १८६६ सालचं आहे, वेल्समधली म्हण म्हणून नोंदवलेलं, आणि त्यात सफरचंद झोपताना खाऊन डॉक्टरची रोजीरोटी बुडवायला सांगितलं आहे. काही संशोधकांनी ही म्हण खरोखरच तपासून पाहिली. अमेरिकेतल्या ८,३९९ प्रौढांच्या माहितीवरचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोज सफरचंद खाणारे त्यात नऊ टक्के निघाले. शिक्षण, धूम्रपान वगैरे फरक जमेस धरल्यावर डॉक्टरकडे जाण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. सफरचंदवाल्यांना डॉक्टरने लिहून दिलेली औषधं मात्र थोडी कमी लागत होती. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. रोज फळ खाणारी माणसं इतर बाबतींतही जरा जपून वागतात.

तरीही मी सफरचंद आवर्जून सांगते, ते त्याच्या घडणीसाठी. सफरचंदाची साखर पेशींच्या आत बंद असते, पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या असतात आणि विटांमध्ये चुना भरावा तसं त्या भिंतींमध्ये पेक्टिन नावाचा विरघळणारा तंतू भरलेला असतो. वरून साल. ही बांधणी दातांनी फोडावी लागते, पोटात ती सावकाश सुटते, आणि पेक्टिनचा मोठा भाग न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचून तिथल्या जिवाणूंचं खाद्य होतो. सफरचंदाचे बहुतेक फायदे या बांधणीशी जोडलेले आहेत. तुम्ही ती किती शाबूत ठेवता, यावर पुढचं सगळं ठरतं.

याचा एक सुंदर पुरावा २००९ च्या एका छोट्या प्रयोगात मिळतो. ५८ जणांना जेवणाआधी वेगवेगळ्या दिवशी अख्ख्या सफरचंदाच्या फोडी, सफरचंदाचा शिजवलेला गर किंवा रस दिला, कॅलरी सारख्याच ठेवून. एके दिवशी काहीच दिलं नाही. फोडी खाल्लेल्या दिवशी लोकांनी आधीच्या फोडी धरूनसुद्धा एकूण १५ टक्के कमी खाल्लं. गराचा परिणाम त्याहून कमी. रसाचा सगळ्यात कमी, आणि रसात तंतू मुद्दाम मिसळले तरी तो फोडींच्या जवळपास पोचला नाही. तंतूंचा आकडा जुळवला म्हणून चालत नाही, ते फळात ज्या रचनेत असतात ती रचना लागते. वजनावर लक्ष ठेवणाऱ्यांना मी म्हणूनच जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं सफरचंद खायला सांगते. सोपं आहे आणि भूक मारल्यासारखं वाटत नाही.

कोलेस्टेरॉलसाठी पेक्टिनची ख्याती आहे, आणि ती खरी आहे, पण प्रमाणात. पेक्टिन आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतं आणि बाहेर नेतं. यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कोलेस्टेरॉल योग्य पातळीत राखण्याचा दावा करायला दिवसाला ६ ग्रॅम पेक्टिन ही अट घातली आहे. एका सफरचंदातून दीड-दोन ग्रॅमपेक्षा जास्त मिळण्याची आशा धरू नका. तरी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोलेस्टेरॉल थोडं वाढलेल्या ४० जणांनी आठ आठवडे रोज दोन सफरचंदं खाल्ली, तेव्हा एकूण आणि ‘वाईट’ म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल थोडं उतरलं. त्याच लोकांनी वेगळे आठ आठवडे तेवढीच साखर असलेलं सफरचंदी पेय घेतलं, तेव्हा ते उतरलं नव्हतं. उतार लहान होता. सफरचंद सुरू केलं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी कुणी बंद करू नये.

सालीचं उत्तर आता सोपं होतं. तंतूंचा मोठा वाटा सालीत आणि तिच्या लगतच्या गरात असतो, आणि क्वेर्सेटिन नावाचं पॉलिफेनॉल तर जवळजवळ सगळं सालीतच. सोललेलं सफरचंद निरुपयोगी होत नाही; गरात क्लोरोजेनिक आम्ल असतं, पेक्टिन असतं. पण सोलायला काही कारण हवं: दात नसणं, लहान मूल, पोट बिघडलेलं असणं किंवा अगदी गुळगुळीत गर करायचा असणं.

सालीवर मेण असतं म्हणून ती सोलणारेही बरेच भेटतात. सफरचंद स्वतःच मेणाचा पातळ थर तयार करतं. तोडणीनंतर धुताना तो निघतो, म्हणून त्यावर कार्नोबा किंवा शेलॅकसारखं खाद्य मेण पुन्हा चढवतात. ते पचत नाही, तसंच बाहेर पडतं. कीटकनाशकांची काळजी जास्त रास्त आहे. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं हा रोजचा पुरेसा उपाय. आणखी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे खाण्याचा सोडा घालून फळं बारा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा, मग चोळून धुवा. २०१७ च्या एका प्रयोगात दोन कीटकनाशकं पृष्ठभागावरून याने साफ निघाली होती. सालीच्या आत मुरलेला अंश मात्र निघाला नव्हता. भांडी घासायचा साबण फळांना लावू नका.

आता वडिलांचा प्रश्न. सफरचंदाचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचा आकडा, ३६ ते ४० च्या आसपास धरतात, म्हणजे कमी. साखर आहे, पण ती हळू रक्तात उतरते. २०१३ साली १,८७,३८२ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून असं दिसलं की ब्लूबेरी, द्राक्षं आणि सफरचंदं ही अख्खी फळं जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेह कमी आढळला आणि फळांचा रस जास्त पिणाऱ्यांमध्ये अधिक. हाही पाहणीवरचा अभ्यास आहे, पण रचनेबद्दल वर जे म्हटलं त्याच्याशी तो जुळतो.

प्रत्यक्षात करायचं असं: एक मध्यम सफरचंद म्हणजे साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं, हे दिवसाच्या हिशेबात धरायचं. वर फुकटचं म्हणून नाही. जेवणात भात-पोळी नेहमीइतकीच आणि शेवटी सफरचंद, असं केलं तर आकडा वाढणारच. मधल्या वेळेला मूठभर शेंगदाणे किंवा बदामांबरोबर खाल्लं तर साखर आणखी सावकाश चढते. मोठ्या आकाराची, चकचकीत, खूप गोड फळं २५० ग्रॅमच्याही वर जातात. ती अर्धी करावीत. आणि माझ्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा वडिलांच्या ग्लुकोमीटरवर ठेवा. खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजा, तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी. त्यांचं शरीर काय म्हणतं ते कळेल.

एकाच प्रसंगी हा सगळा सल्ला उलटा होतो. इन्शुलिन किंवा काही गोळ्यांमुळे साखर एकदम खाली गेली, ७० च्या आत आली, घाम-थरथर सुरू झाली, की अख्खं सफरचंद उपयोगाचं नाही. ज्या संथपणाची आपण इतका वेळ तारीफ करतो आहोत, तोच तिथे नडतो. अशा वेळी १२० मिलिलिटर म्हणजे अर्धा कप सफरचंदाचा रस चालतो, कारण त्यात बांधणी मोडलेली असते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडाने काही देऊ नका, तातडीने वैद्यकीय मदत बोलवा.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य वेगळं केलं गेलं. पुढे लक्षात आलं की त्यामुळे लघवीतून साखर बाहेर पडते. ते तसंच औषध म्हणून वापरता येण्याजोगं नव्हतं, पण त्याच्या रेणूवरून सुचलेल्या औषधांचा एक पूर्ण वर्ग, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, आज मधुमेहात, हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारात वापरला जातो. फळात फ्लोरिझिन अगदी कमी असतं, तेव्हा सफरचंद खाऊन त्या गोळ्यांचा परिणाम मिळेल असं समजू नका.

औषधांबाबत दुसरी, जास्त व्यवहारी गोष्ट. सर्दी-ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडिन घेत असाल तर ती गोळी सफरचंदाच्या, संत्र्याच्या किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर घेऊ नका. रसातली काही द्रव्यं आतड्यातला तिचा शिरकाव अडवतात आणि गोळीचा परिणाम चांगलाच घटतो. साध्या पाण्याबरोबर घ्या.

सफरचंद सगळ्यांना मानवतं असंही नाही. फ्रुक्टोज जास्त आणि त्यात सॉर्बिटॉल या आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या गोड द्रव्याची भर, त्यामुळे आतडं संवेदनशील असलेल्यांना, आयबीएस या आतड्याच्या जुनाट विकाराच्या रुग्णांना, पोट फुगणं, गुरगुरणं, पातळ शौच असा त्रास होतो. अशांना ‘पचायला हलकं’ म्हणून सफरचंद देणं म्हणजे त्रासात भर. शिजवल्याने सॉर्बिटॉल कमी होत नाही, तेव्हा त्यांनी दोन-तीन आठवडे ते बंद करून पाहावं आणि मग थोडं थोडं सुरू करावं. दुसरा प्रकार म्हणजे कच्चं सफरचंद खाल्ल्याबरोबर ओठ, जीभ, घसा खाजणं. बर्च झाडाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांत हे दिसतं, कारण सफरचंदातलं एक प्रथिन त्या परागकणांतल्या प्रथिनासारखं असतं. ते उष्णतेने मोडतं, म्हणून यांतल्या बहुतेकांना शिजवलेलं सफरचंद चालतं. पण अंगावर पित्त उठत असेल, धाप लागत असेल, तर घरी प्रयोग करू नका. सफरचंदातलं दुसरं एक ॲलर्जीकारक प्रथिन उष्णतेला दाद देत नाही.

दातांचा मुद्दा थोडक्यात: सफरचंदात मॅलिक आम्ल असतं. खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरा आणि ब्रश करायचा असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा.

मुलाकडे येऊ. दीड वर्षाच्या मुलाला दाढा पुरत्या आलेल्या नसतात आणि कच्च्या सफरचंदाचा तुकडा टणक, निसरडा असतो. घशात अडकण्यासाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. चार वर्षांपर्यंत कच्च्या जाड फोडी नकोत. वाफवून बोटांत चेपली जाईल इतकी मऊ करा, किंवा बारीक किसा. साखर घालू नका, गरजच नसते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर रस देऊच नका. मोठ्या मुलांना जुलाब सुरू झाले की सफरचंदाचा रस पाजण्याची चूक होते. त्यातल्या फ्रुक्टोज-सॉर्बिटॉलने जुलाब वाढू शकतात. शिजवलेला गर बरा, पण त्याच्या जोडीला नेहमीचं जेवण आणि ओआरएस हवंच.

बियांची भीती अनेकांना असते. त्यांत ॲमिग्डालिन असतं आणि बी चावली गेली की त्यापासून थोडं सायनाइड तयार होतं, हे खरं आहे. चुकून दोन-चार बिया गिळल्या गेल्या तर काही होत नाही. टणक बी न फुटताच बाहेर पडते. मात्र मिक्सरमधून रस किंवा स्मूदी करताना सफरचंदं अख्खी टाकू नका, बिया काढा. कुजक्या भागाबद्दल मी जास्त कडक आहे. निळसर-हिरवी बुरशी लागलेल्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते नुसत्या उकळण्याने नीटसं जात नाही. नुसतं मार लागून तपकिरी झालेलं असेल तर तेवढा भाग कापून बाकीचं शिजवा. बुरशी दिसली, आंबूस वास आला, तर ते फळ टाका. रसासाठी तर डागाळलेलं फळ घेऊच नका.

सफरचंदाच्या व्हिनेगरबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून सांगून टाकते. त्यात सफरचंदाचं फारसं काही उरलेलं नसतं. असतं ते अॅसेटिक आम्ल. जेवणानंतरची साखर त्याने किंचित कमी होऊ शकते. वजनाबद्दलचा २०२४ चा एक गाजलेला अभ्यास पुढच्याच वर्षी प्रकाशकांनी मागे घेतला. सॅलडवर घाला, चव छान येते. सकाळी उपाशीपोटी नुसतं पिऊन दात आणि अन्ननलिका पोळून घेऊ नका.

आता स्वयंपाक. शिजवणं म्हणजे तीच बांधणी उष्णतेने सोडवणं. क जीवनसत्त्व कमी होतं, पण ते आधीच कमी होतं, त्यामुळे नुकसान मोठं नाही. तंतू राहतात. पॉलिफेनॉल थोडे मोडतात, थोडे पाण्यात उतरतात. म्हणून उकडून पाणी फेकण्यात खरं नुकसान आहे. अगदी कमी पाण्यात, झाकण ठेवून शिजवा आणि जे पाणी सुटेल ते त्यातच आटवा. शिजवलेलं सफरचंद पोटाला सोपं आणि कच्चं पोट भरणारं. कुणासाठी शिजवताय त्यावर ठरवा.

लगदा होण्याचं कारण पेक्टिन. साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे ते विरघळू लागतं, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि फोड बसते. त्यात सफरचंदाच्या आकारमानाचा जवळपास चौथा हिस्सा हवा असते. सफरचंद पाण्यावर तरंगतं ते याच हवेमुळे. शिजताना ही हवा निघून जाते, म्हणून पातेलंभर फोडींचं अर्धं पातेलं होतं आणि ‘ॲपल पाय’ या भाजलेल्या पदार्थाच्या वरच्या पापुद्र्याखाली पोकळी राहते. कोणती जात किती टिकते हे मात्र ठरलेलं असतं. ग्रॅनी स्मिथ आणि ब्रेबर्न आकार धरून ठेवतात. हनीक्रिस्पही बऱ्यापैकी. मॅकिंटॉश आणि ब्रॅम्ले यांचा फेसाळ गर होतो, आणि तो त्यांचा दोष नसून उपयोग आहे. गुळगुळीत सॉससाठी तेच हवेत. रेड डिलिशियस दिसायला देखणं, कच्चं ताजं असेल तर ठीक, पण शिजवल्यावर ना आकार ना चव. माझ्या मते ते भट्टीत घालू नये. पेटीत कोणती जात आहे हे कळत नसेल तर एक फोड पातेल्यात दोन चमचे पाण्याबरोबर झाकून दहा मिनिटं ठेवा. उत्तर मिळेल.

जात बदलता येत नसेल तरी बरंच हातात आहे. आंबटपणा पेक्टिनला घट्ट ठेवतो, साखर फोडीतलं पाणी ओढून ती आवळते. म्हणून फोडींना आधीच लिंबाचा रस आणि थोडी साखर लावून अर्धा तास ठेवल्या, सुटलेलं पाणी वेगळं आटवून परत त्यात घातलं, तर फोडी टिकतात आणि केक खालून ओला राहत नाही. सोडा याच्या उलट काम करतो. केकच्या मिश्रणात बेकिंग सोडा जास्त झाला असेल तर फोडी लवकर विरघळण्याचं ते एक कारण. आणखी एक युक्ती आहे, करायला अगदी सोपी. ६० ते ७० अंशांच्या दरम्यान सफरचंदातलंच एक एन्झाइम जागं होतं आणि पेक्टिनला असं बदलतं की कॅल्शियमबरोबर ते अधिक घट्ट जुळतं. फोडींवर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी निथळून पूर्ण गार करा. पाणी ओतल्यावर तापमान आपोआप उतरून या टप्प्यात येतं. नंतर भट्टीत तासभर राहिल्या तरी त्या फोडी उभ्या राहतात. हे पाणी टाकू नका, चहात किंवा गरात वापरा.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. लोखंडी कढईत आम्ल आणि पॉलिफेनॉल लोखंडाशी मिळून गर काळपट होतो आणि जिभेवर धातूची चव रेंगाळते.

मी सगळ्यात जास्त करते तो साधा गर. एक किलो सफरचंदं साल ठेवून, बिया काढून चिरायची, अर्धा कप पाणी, चिमूटभर मीठ, झाकण, मंद आच, वीस-पंचवीस मिनिटं. मऊ झाली की घोटायची. साल ठेवली आणि लाल जातीची असतील तर गराला गुलाबी छटा येते. साखर घालायचीच तर शेवटी, चव घेऊन. बहुतेक वेळा मोह टळतो. दालचिनी चालेलच, पण वेलची, सुंठ, बडीशेप, अगदी दोन काळे मिरेसुद्धा छान लागतात. हा गर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो आणि फ्रीझरमध्ये कित्येक महिने.

केकमध्ये लोणी किंवा तेल कमी करायला हाच गर वापरतात. निम्म्यापर्यंत बदला: अर्धा कप तेल सांगितलं असेल तर पाव कप तेल, पाव कप गर. पूर्ण बदललंत तर केक रबरासारखा होतो, कारण पिठातल्या ग्लुटेनला आवर घालायचं काम तेल करतं आणि गरात मुख्यतः पाणीच असतं. गर घातला की साखरही थोडी कमी करता येते.

अख्खं भाजलेलं सफरचंद हा कमी कष्टाचा प्रकार आहे आणि त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही. देठाकडून गाभा कोरा, तळ फोडू नका. मध्यभागी सालीवर सुरीने गोल चर पाडा, नाहीतर वाफेने साल कुठूनही फाटते. आत सुकामेवा, थोडं लोणी किंवा तूप. भट्टी १८० अंशांवर, ३५ ते ४५ मिनिटं, तळाशी थोडं पाणी. सुरी सहज शिरली की काढा. वडिलांसाठी करताना मनुका-खजूर टाळून नुसते अक्रोड भरा.

गोडाच्या पलीकडेही सफरचंद चांगलं चालतं, आणि तिथे आंबट जात हवी. कांदा मंद आचेवर पिवळसर परतून त्यात सफरचंदाच्या फोडी घातल्या की कोबी, भोपळा, मसूर यांच्याबरोबर त्यांची जोडी जमते. भोपळ्याच्या सूपमध्ये एक सफरचंद टाकलं तर चपटी चव उठते. परतताना कढई चांगली तापलेली, फोडी कोरड्या आणि एका थरात. गर्दी केली तर त्या परतल्या न जाता स्वतःच्याच पाण्यात उकडतात.

सॅलडसाठी किंवा डब्यात द्यायच्या फोडी तपकिरी पडू नयेत म्हणून लिंबाचं पाणी सगळे वापरतात. मिठाचं पाणी त्याहून चांगलं वाटतं मला, कारण आंबटपणा येत नाही: एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा मीठ, फोडी पाच-दहा मिनिटं, मग साध्या पाण्यातून काढायच्या.

साली आणि गाभे उरतील ते फेकू नका. बिया काढून, बुडतील एवढ्या पाण्यात ते अर्धा-पाऊण तास उकळा, न दाबता फडक्यातून गाळा. हे चिकटसर पाणी म्हणजे घरचं पेक्टिन. स्ट्रॉबेरीसारख्या न घट्ट होणाऱ्या फळांच्या जॅममध्ये घातलं की जॅम बसतो. किंचित कच्च्या, आंबट फळांत पेक्टिन जास्त असतं.

राहिली पेटी. आधी सगळी फळं बाहेर काढून बघा. मार लागलेली, चिरलेली वेगळी करा, ती आजच शिजवा. चांगली सफरचंदं फ्रिजमध्ये, भाजीच्या खणात, भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवा. शून्य ते चार अंशांत ती काही आठवडे कुरकुरीत राहतात, बाहेर उबदार खोलीत आठवड्याभरात भुसभुशीत होतात. सफरचंद पिकताना इथिलीन वायू सोडतं आणि एक खराब फळ बाकीच्यांना ओढतं, म्हणून आठवड्यातून एकदा खण तपासा. पालेभाज्या आणि गाजरं त्यांच्याजवळ नकोत. इथिलीनने पाने पिवळी पडतात, गाजरं कडवट होतात. उलट कच्ची केळी किंवा ॲव्होकाडो लवकर पिकवायचे असतील तर त्यांच्याबरोबर कागदी पिशवीत एक सफरचंद टाकून ठेवा. आणि एवढं करूनही पेटी संपेनाशी झाली, तर पातळ चकत्या करून ९० ते १०० अंशांच्या भट्टीत दोन-तीन तास सुकवा. फक्त वडिलांच्या हाती तो डबा देऊ नका: पाणी गेल्यावर त्याच चकत्यांत वजनाच्या निम्म्याहून जास्त साखर असते, आणि गप्पा मारता मारता तीन सफरचंदं कधी पोटात गेली ते कळत नाही.